मधल्या पायरीच्या शोधात

दुचाकी परवडते पण पुरत नाही, मोटार पुरते पण परवडत नाही. तीनचाकी लहान पडते आणि ट्रक मोठा होतो. वाहनांच्या बाजारातल्या अशा मधल्या जागा ज्यांनी ओळखल्या, त्यांनी इतिहास घडवला. त्यातल्या काही जागा मात्र आज पुन्हा रिकाम्या पडू लागल्या आहेत.

बाजारात मालाची रेलचेल असली म्हणजे प्रत्येकाला हवी ती वस्तू मिळतेच असे नाही. भारतातल्या वाहनांच्या बाजाराकडे पाहिले की हे चटकन पटते. एकेकाळी मोटार घ्यायची म्हणजे दोन-तीन नावांतून निवड करावी लागे आणि वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. आता शंभरावर मॉडेल्स आहेत, कर्ज देणाऱ्या बँका दारात उभ्या आहेत, गाडी चार-आठ दिवसांत घरी येते. तरीही नवरा-बायको, दोन मुले आणि मधूनमधून दवाखान्यात न्यावे लागणारे म्हातारे आईवडील एवढा संसार असलेल्या माणसाला आपल्या ऐपतीत बसणारी नवी गाडी सापडत नाही.

आकडे पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे १ कोटी ९६ लाख दुचाकी विकल्या गेल्या. प्रवासी मोटारींची विक्री होती सुमारे ४३ लाख. म्हणजे एका मोटारीमागे साडेचार दुचाकी. त्या ४३ लाखांतही जवळजवळ दोन तृतीयांश गाड्या उंच बांध्याच्या, ‘एसयूव्ही’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वर्गातल्या. ज्या लहान मोटारीने भारतीय मध्यमवर्गाला चार चाकांवर बसवले, तिचा वाटा वर्षागणिक आक्रसत चालला आहे.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. डोक्यावर छप्पर आणि कमरेला पट्टा नसलेल्या वाहनावर अख्खे कुटुंब बसवून नेणे किती धोक्याचे आहे, हे प्रत्येक बापाला कळते. कळूनही तो तेच करतो, कारण पुढची पायरी त्याच्या पायाला लागत नाही.

परवान्यांच्या काळातली पोकळी

स्वातंत्र्यानंतरची तीन दशके अँबॅसॅडर आणि फियाट या दोन नावांभोवती फिरली. कुणी किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवी. छोट्या, स्वस्त मोटारीची गरज तेव्हाही सर्वांना दिसत होती. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी तर स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच अशी गाडी बांधण्याचा ध्यास घेतला. ‘मीरा’ हे तिचे नाव. तिचे नमुने तयार झाले, रस्त्यावर धावलेही. पण मोठ्या प्रमाणावरील उत्पादनापर्यंत ती पोहोचलीच नाही. गरज दिसणे आणि ती भागवण्याची मुभा, भांडवल व कारखाना मिळणे या किती वेगळ्या गोष्टी आहेत, याचे हे बोलके उदाहरण.

ही पोकळी अखेर भरली ती मारुतीने. सरकारी मारुती उद्योग आणि जपानची सुझुकी यांच्या भागीदारीतून बनलेल्या ‘मारुती ८००’ची पहिली चावी १४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते देण्यात आली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, पन्नास हजार रुपयांच्या आसपास किंमत आणि किल्ली फिरवताच सुरू होण्याची खात्री. ही खात्रीच त्या काळात नवलाची होती. सुकाणू हलके, गाडी आटोपशीर, त्यामुळे ड्रायव्हर ठेवण्याची गरज उरली नाही. असंख्य स्त्रिया याच गाडीवर मोटार चालवायला शिकल्या. २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत पंचवीस लाखांहून अधिक मारुती ८०० विकल्या गेल्या होत्या.

तिच्या पाठोपाठ १९८४ मध्ये आलेल्या मारुती व्हॅनने, म्हणजे पुढच्या ‘ओम्नी’ने, आणखी एक जागा हेरली. आठवडाभर दुकानाचा माल आणि रविवारी घरची माणसे वाहणारी गाडी कुणीच बनवत नव्हते. मागची बाके काढली की टेम्पो, बसवली की मोटार. शाळेची व्हॅन म्हणा, रुग्णवाहिका म्हणा, केटररची गाडी म्हणा, गल्लीबोळांतून ती सर्व रूपांत दिसू लागली. दिसायला ती खोक्यासारखी होती, पण छोट्या व्यापाऱ्याला ती स्वतःचीच वाटली.

१९९८ साली टाटांनी ‘इंडिका’ दाखवली तेव्हाही हेच सूत्र होते. मोटार लहान असावी, पण आत अँबॅसॅडरसारखी ऐसपैस जागा हवी आणि खर्च डिझेलचा हवा. सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या. कंपनीने त्या दूर करून २००१ मध्ये सुधारित गाडी आणली आणि तिने जम बसवला. त्याच वर्षी, १९९८ मध्ये, आलेल्या ह्युंदाईच्या ‘सँट्रो’चे उंच छत सुरुवातीला काहींना विचित्र वाटले. पण साडी नेसलेल्या बाईला आणि गुडघे दुखणाऱ्या आजोबांना तिच्यात वाकल्याशिवाय बसता येते, हे लक्षात आल्यावर टीका विरून गेली.

टेम्पो ते छोटा हाथी

मोटारीबद्दल जेवढी चर्चा होते तेवढी मालाच्या गाडीबद्दल होत नाही. वास्तविक घर चालवण्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व अधिक. भाजी, दूध, सिलिंडर, विटा, मांडवाचे सामान हे सारे कुणीतरी, कशात तरी घालून आणतच असते.

मराठीत लहान मालगाडीला सरसकट ‘टेम्पो’ म्हणतात. हा शब्द एका जर्मन कंपनीच्या नावावरून आला. फिरोदियांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये जर्मन सहकार्याने बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली. तिच्या तीनचाकी गाडीने हातगाडी आणि ट्रक यांच्यामधले अंतर भरून काढले. पुढे पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना आला, ‘मॅटाडोर’ आली आणि हे नावही लोकांनी सामान्यनामासारखे वापरायला सुरुवात केली. ही कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाते.

१९८० च्या दशकाच्या मध्यात हलक्या ट्रकची मागणी वाढते आहे हे जपानी कंपन्यांनी हेरले. टोयोटा, निसान, मित्सुबिशी आणि माझदा या चौघी भारतीय भागीदार घेऊन उतरल्या. त्यांना उत्तर म्हणून टाटांनी १९८६ मध्ये ‘४०७’ आणला. जपानी गाड्या सफाईदार होत्या, पण क्षमतेपेक्षा जास्त माल, खड्ड्यांचे रस्ते आणि नाक्यावरचा मिस्त्री हे भारतीय वास्तव ४०७ ला जास्त मानवले. सुटे भाग कुठेही मिळत. चारपैकी डीसीएम टोयोटा आणि ऑल्विन निसान पुढे टिकल्या नाहीत. ४०७ मात्र टिकला.

तरी एक जागा राहिलीच होती. तीनचाकी टेम्पो महामार्गावर दमतो, घाटात धापा टाकतो. ४०७ घ्यायचा तर कर्जाचा डोंगर, आणि दिवसा मोठ्या ट्रकना बहुतेक शहरांत बंदी. २०००-०१ मध्ये टाटांच्या मोटार कंपनीला मोठ्या ट्रकची मागणी घसरल्यामुळे सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. तेव्हा मंदीतही खपेल अशी गाडी हवी म्हणून शोध सुरू झाला. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील पथकाने तीनचाकी चालवणाऱ्यांशी बोलून त्यांना काय हवे ते समजून घेतले. त्यात एक गोष्ट वारंवार पुढे आली. तीनचाकीवाल्याला जास्त माल तर न्यायचाच होता, पण त्याला ‘गाडीवाला’ म्हणून मानही हवा होता. चार चाके असली की गावात पत वाढते, लग्नाच्या बाजारातही शब्दाला वजन येते.

मे २००५ मध्ये ‘टाटा एस’ आली. दोन सिलिंडरचे छोटे डिझेल इंजिन, पाऊण टन माल आणि सव्वादोन लाखांच्या आसपास किंमत. लोकांनी तिला ‘छोटा हाथी’ म्हणून डोक्यावर घेतले. त्याच सुमारास देशात चौपदरी महामार्ग तयार होत होते. मोठे ट्रक शहराच्या वेशीपर्यंत माल आणू लागले आणि तिथून दुकानापर्यंत नेण्याचे काम या छोट्या हत्तीकडे आले. पहिल्यांदाच गाडीचे मालक होणारे, स्वतःच ती चालवणारे हजारो तरुण तिच्या जिवावर संसाराला लागले. बारा वर्षांत वीस लाखांवर गाड्या रस्त्यावर आल्या. मग अशोक लेलँडचा ‘दोस्त’, महिंद्राचा ‘जीतो’, मारुतीची ‘सुपर कॅरी’ अशी रांगच लागली.

रस्ता नाही तिथली गाडी

ऑफ-रोड म्हणजे मुद्दाम रस्ता सोडून चिखलात, खडकांवर गाडी घालण्याचा छंद, असा आज समज आहे. आपल्याकडे जीप रुजली ती छंदापायी नव्हे, तर रस्तेच नसल्यामुळे. दुसऱ्या महायुद्धात नावारूपाला आलेल्या विलीज जीपची जुळणी महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली. पाटबंधारे खाते, पोलीस, वनखाते, साखर कारखाने, निवडणुकीचा प्रचार, सगळीकडे जीप. पश्चिम महाराष्ट्रात एसटी चुकलेल्या माणसाला ‘वडाप’चा आधार असतो. ते वडाप म्हणजे बहुधा जीप नाहीतर ट्रॅक्स. बाहेर लटकणारे धरून किती माणसे बसली याची मोजदाद न केलेलीच बरी.

१९९४ मध्ये टाटांनी आणलेल्या ‘सुमो’ने याच वर्गाला जरा बरी बाके आणि बंद दारे दिली. कंपनीचे माजी अध्यक्ष सुमंत मूळगावकर यांच्या नाव आणि आडनावाची पहिली अक्षरे घेऊन ‘सुमो’ हे नाव बनले. मोठे एकत्र कुटुंब, पर्यटनाचा धंदा आणि खेड्यातली प्रवासी वाहतूक या तिघांना एकच गाडी चालली.

डोंगरातल्या माणसाची गरज मात्र निराळी होती. त्याला हवी होती हलकी, अरुंद, चारही चाकांना जोर देणारी गाडी. १९८५ मध्ये आलेल्या मारुती ‘जिप्सी’ने ती दिली. लष्कराने ती मोठ्या संख्येने घेतली. ताडोबापासून रणथंबोरपर्यंत वाघ पाहायला जाणारा पर्यटक आजही बहुधा उघड्या जिप्सीतच बसतो. पण पेट्रोलचा खर्च, कडक बाके आणि वातानुकूलनाचा अभाव यांमुळे ती कुटुंबाची गाडी होऊ शकली नाही. सुरक्षिततेचे नवे नियम आल्यावर २०१९ च्या सुमारास तिची विक्री थांबली.

दरम्यान परिस्थिती पालटली. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि हळूहळू वाड्या-वस्त्यांपर्यंत डांबर पोहोचले. रस्ता आल्यावर जीपची गरज घटली आणि जीपसारख्या दिसण्याची हौस वाढली. नाशिकच्या कारखान्यात बनणारी महिंद्राची ‘थार’ २०२० मध्ये नव्या रूपात आली, तेव्हा ती केवळ चारही चाकांना जोर असलेली मिळत होती. २०२३ च्या जानेवारीत कंपनीने मागच्या दोनच चाकांना जोर असलेली स्वस्त आवृत्ती काढली आणि तिलाही गिऱ्हाइकांची कमतरता पडली नाही. तिच्या मालकाला चिखलात जायचेच नव्हते.

याउलट जून २०२३ मध्ये मारुतीने जिप्सीची वारसदार ‘जिम्नी’ आणली ती खरोखर डोंगर चढणारी. पण सुरुवातीची किंमत पावणेतेरा लाखांच्या घरात. शहरी ग्राहकाला त्या पैशांत यापेक्षा ऐसपैस गाडी मिळत होती आणि हिमाचल किंवा अरुणाचलातल्या बागायतदाराला ती परवडत नव्हती. गंमत अशी, की भारतात बनलेली हीच पाच दारांची जिम्नी जानेवारी २०२५ मध्ये जपानमध्ये गेली आणि चार-पाच दिवसांत सुमारे ५० हजार मागण्या आल्याने तिथे नोंदणी थांबवावी लागली. एका देशातली रिकामी जागा दुसऱ्या देशात भरलेली असू शकते, याचा याहून चांगला दाखला कोणता?

किंमत जुळली, मन जुळले नाही

रिकामी जागा ओळखूनही अंदाज कसा चुकतो, हे ‘नॅनो’ने दाखवले. भर पावसात स्कूटरवरून जाणारे कुटुंब पाहून ही कल्पना सुचल्याचे रतन टाटा यांनी अनेकदा सांगितले होते. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात त्यांनी एक लाख रुपयांची मोटार दाखवली, तेव्हा जगभरचे पत्रकार जमले होते. पण सिंगूरच्या जमिनीवरून आंदोलन पेटले, कारखाना गुजरातेत साणंदला हलवावा लागला, गाडी उशिरा आली. काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्यांनी घबराट पसरली.

तरीही सगळ्यात मोठा घाव बसला तो ‘सर्वात स्वस्त मोटार’ या बिरुदाचा. मोटार घेणे हा आपल्याकडे घरचा सोहळा असतो. हार घालायचा, नारळ फोडायचा, पेढे वाटायचे. आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेली वस्तू गरिबाची म्हणून ओळखली जावी, असे कुणाला वाटेल? हे बिरुद चुकीचे ठरल्याचे रतन टाटांनीही पुढे मान्य केले. वर्षाला अडीच लाख गाड्या बनवू शकणाऱ्या कारखान्यातून दहा वर्षांत मिळून सुमारे तीन लाख नॅनो बाहेर पडल्या आणि २०१८ मध्ये उत्पादन संपले. तीनचाकीवाल्याची मानाची भूक छोट्या हत्तीच्या वेळी ज्या कंपनीने अचूक ओळखली होती, तिलाच ती स्कूटरवाल्याच्या बाबतीत जाणवली नाही.

बाजार पोहोचत नाही तिथे

कंपन्यांनी लक्ष दिले नाही तरी लोक हात बांधून बसत नाहीत. सौराष्ट्रात मोटारसायकलच्या पुढच्या भागाला मागे हौदा जोडून ‘छकडा’ तयार झाला. हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशात शेतातल्या पंपाचे इंजिन लाकडी सांगाड्यावर बसवून ‘जुगाड’ धावू लागले. त्याला ना नंबर, ना विमा, ना धड ब्रेक. कायद्याच्या चौकटीत ते बसत नाही आणि अपघात झाला तर भरपाई कुणाकडे मागायची हाही प्रश्नच.

ई-रिक्षाची कथा अशीच. सायकलरिक्षा आणि ऑटोरिक्षा यांच्यामधल्या जागेत ती उत्तर भारतातल्या शहरांत आधी पसरली. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी घातली आणि २०१५ मध्ये कायदा दुरुस्त करून तिला मान्यता देण्यात आली. बजाजने ऑटोरिक्षा आणि मोटार यांच्यामधले चारचाकी वाहन २०१२ च्या जानेवारीत दाखवले. पुढे ‘क्यूट’ नावाने आलेल्या या वाहनाला २१६ सीसीचे इंजिन आहे आणि वेग ताशी ७० किलोमीटरपर्यंत. पण असा वर्गच कायद्यात नव्हता. नियम, हरकती, कोर्टकचेऱ्या यांत वर्षे गेली. परदेशात ती आधी गेली आणि महाराष्ट्रातल्या ग्राहकाला २०१९ मध्ये मिळाली. तोवर उत्सुकता ओसरली होती.

पायरी पुन्हा का निखळली?

मग लहान मोटार महाग का झाली? एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे ‘बीएस-६’ नियम लागू झाले. एअरबॅग, ब्रेकची आधुनिक यंत्रणा, टकरीच्या चाचण्या आल्या. हे सारे आवश्यकच होते; स्वस्त गाडी म्हणजे कच्ची गाडी असे कुणी म्हणू नये. परंतु एअरबॅगचा खर्च चार लाखांच्या गाडीला आणि चौदा लाखांच्या गाडीला जवळजवळ सारखाच पडतो. झळ बसते ती लहान गाडीला. त्यातच विमा आणि नोंदणीचा खर्च वाढला. मारुतीची ‘अल्टो ८००’ २०२३ मध्ये बंद झाली. २०२४ मध्ये देशात सर्वाधिक खपलेली गाडी ठरली टाटांची ‘पंच’, म्हणजे लहानच, पण एसयूव्हीचा रुबाब असलेली.

करांचाही यात हात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या मोटारींवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्के करण्यात आला. हेतू होता लहान गाडीला उत्तेजन देण्याचा. कंपन्यांनी मात्र शक्कल लढवली. डिकी कापून सेडान चार मीटरांत बसवली आणि नंतर उंच एसयूव्हीही. २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा अधिभारही गेला. त्या वेळी ‘अल्टो के-१०’ची शोरूममधली किंमत पावणेचार लाखांच्या आत आली, ही दिलाशाची गोष्ट. पण चार लाखांची अल्टो आणि दहा-बारा लाखांची छोटी एसयूव्ही कराच्या दृष्टीने एकाच पंक्तीत बसल्या. जपानमध्ये लांबी, रुंदी, उंची आणि ६६० सीसीचे इंजिन अशी सर्व बाजूंनी मर्यादा घालून ‘केई’ हा अगदी लहान गाड्यांचा वर्ग राखला आहे. तिथे विकल्या जाणाऱ्या दर तीन मोटारींपैकी सुमारे एक याच वर्गातली असते. नियम नेमका असला तर पायरी टिकते.

तोपर्यंत सामान्य कुटुंबाने काय करावे? बहुतेकांनी वाट शोधली आहे ती जुन्या गाडीची. चार-पाच वर्षे वापरलेली मोटार निम्म्या किमतीत मिळते. मात्र ती घेताना शेजाऱ्याच्या सल्ल्यापेक्षा भरवशाच्या मिस्त्रीची तपासणी महत्त्वाची. गाडीवरचे कर्ज फिटले आहे का, विमा चालू आहे का, नोंदणीपुस्तक नावावर होईल का, हे पैसे मोजण्यापूर्वी पाहावे. हप्ता ठरवताना पेट्रोल, विमा आणि दुरुस्तीचा मासिक खर्च त्यात धरावा. वर्षातून दोनदा गावी जाण्यासाठी सात जणांची गाडी घेऊन रोज एकट्याने फिरवण्यात शहाणपण नाही. तेवढ्यापुरती गाडी भाड्याने घेणे स्वस्त पडते. आणि दुचाकीच वापरायची असेल, तर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवेच.

आजही बाजारात जागा रिकाम्या आहेत. लाखाच्या दुचाकीवरून उतरणाऱ्याला मानाने बसता येईल अशी सुरक्षित लहान मोटार हवी आहे. डोंगरातल्या शेतकऱ्याला सफरचंदाच्या पेट्या आणि घरची माणसे दोन्ही नेणारी, चारही चाकांना जोर असलेली साधी गाडी हवी आहे. भाजीवाल्याला तीनचाकीच्या खर्चात चालणारा विजेवरचा छोटा ट्रक हवा आहे. ही माणसे मोठमोठ्या शोरूममध्ये फिरकत नाहीत, म्हणून ती मोजली जात नाहीत. ती भेटतात दूध डेअरीवर, बाजार समितीत, वडापच्या थांब्यावर. तिथे जाऊन जो त्यांचे ऐकून घेईल, त्याला पुढचे गिऱ्हाईक शोधत बसावे लागणार नाही.